कोकणातल्या रस्त्यांसाठी पहिली गाडी घेताय? गिअरवाली का ऑटोमॅटिक हे ठरवायच्या आधी एवढं करून बघा

दरवर्षी गणपतीत गावाला गेलो की आरती झाल्यावर ओटीवर बसल्या बसल्या कोणीतरी विचारतोच, पहिली गाडी घ्यायचीय, गिअरवाली घेऊ का ऑटोमॅटिक? मग लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणतो ऑटोमॅटिकमध्ये चालवायची मजाच नाय, दुसरा म्हणतो ट्रॅफिकमध्ये डावा पाय मोडून घेण्यात कसली आलीय मजा, आणि ज्याला गाडी घ्यायचीय तो होता तिथेच राहतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, अगदी नवीन माणसाला पहिल्यापासून करता येईल असं.

माझं मत आधीच सांगतो. आपल्या कोकणातल्या रस्त्यांवर गाडी चालवायची मजा एकाच गोष्टीत आहे, वळण यायच्या आधी बरोबर गिअर लागलेला असणं. ते जमलं की गाडी वळणात मस्त बसते, ब्रेकवर पाय कमी जातो, मागे बसलेल्यांना उलटी होत नाही, आणि घाट संपला की वाटतं अजून दोन वळणं असती तरी चाललं असतं. गिअरवाली गाडी हा विचार तुमच्याकडून करून घेतेच. ऑटोमॅटिक करून घेत नाही, तिथे तो मुद्दाम शिकावा लागतो. बाकी कुठली घ्यायची हे घरापुढचा चढ आणि रोजचा रस्ता बघून ठरवायचं.

पहिलं काम : शिकायचं गिअरवाल्या गाडीवरच

घ्यायची ऑटोमॅटिक असली तरी. कारच्या लायसन्समध्ये आपल्याकडे गिअर आणि ऑटोमॅटिक असा फरक नसतो (टू-व्हीलरला असतो), त्यामुळे कागदावर दोन्ही सारखंच. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं आणि लर्निंग ६ महिने चालतं, तर ते दिवस फुकट घालवू नका, गिअर शिकून घ्या.

मी ज्या क्लासात शिकलो तिथे प्रत्येक वळणाला क्लच दाबून गाडी फिरवायला शिकवलं होतं. गाडी बंद पडत नाही, शिकणारा खूश, क्लासचाही वेळ वाचतो. पण क्लच दाबला की इंजिन आणि चाकं सुटी होतात, गाडी नुसती घरंगळत जाते, आणि सपाटीवर चालून जाणारी ही सवय घाट उतरताना अंगाशी येते. तुमच्या क्लासात असं शिकवत असतील तर सरळ विचारा की वळणात क्लच का दाबायचा. वळणात क्लचवर पाय नको, जो गिअर लागायचा तो वळणाच्या आधीच लागलेला हवा.

माझे काका एसटीत ड्रायव्हर होते, सावंतवाडी-बेळगाव, आंबोलीमार्गे. मी गिअर बदलायची घाई केली की ते स्टेअरिंगकडे बघायचे पण नाहीत, खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "घाय कित्याक करतस? आदी आयक, मगे गिअर टाक." ऐकायचं म्हणजे इंजिनाचा आवाज. गाडी गदगदायला लागली, ॲक्सिलरेटर दाबूनही पुढे ओढत नाही, म्हणजे गिअर मोठा झालाय, एक खाली घ्या. इंजिन किंचाळतंय आणि स्पीड वाढत नाही म्हणजे एक वर टाका. आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) बघून पण हे कळतं पण वळणात काट्याकडे बघायला डोळे मोकळे नसतात, कान असतात. म्हणून पहिला महिनाभर गाडीत गाणी लावू नका.

हाफ क्लच (क्लच अर्धाच सोडून गाडी सरकवणं) शिकायला सड्यावरचा रस्ता सगळ्यात बेस्ट. जांभ्याचा सपाट सडा, दूरपर्यंत दिसतं, ट्रॅफिक नाही. (किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालून शिकू नका, गाडी रुतते, खारं पाणी पत्र्याला खातं, आणि लोकांच्या जिवाला धोका तो वेगळाच.) पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला हातच लावायचा नाही म्हणजे पायच लावायचा नाही, आणि क्लच इतका हळू सोडा की पूर्ण सुटायला चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. मध्ये एक जागा येते जिथे इंजिनाचा आवाज जरा खोल जातो, आरपीएमचा काटा थोडा पडतो, सीटखाली बारीक थरथर जाणवते आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तोच पॉइंट. तिथे पाय रोखून धरा, गाडी स्वतःहून सरकायला लागेल. पुन्हा दाबा, थांबा, पुन्हा सोडा. असं पंचवीस-तीस वेळा. कंटाळवाणं आहे पण पायाला ती जागा एकदा कळली की आयुष्यभर विसरत नाही.

मग तेच चढावर. हॅण्डब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच त्या पॉइंटपर्यंत सोडा, गाडी पुढे जायला बघतेय आणि हॅण्डब्रेक तिला धरून ठेवतोय असं जाणवलं की मग हॅण्डब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे सरकता कामा नये. आधी क्लच, मग हॅण्डब्रेक.

दुसरं : आपल्या घरची घाटी मोजा

शोरूमला जायच्या आधी हे करा. कोकणात निम्मी घरं रस्त्याच्या खाली नाहीतर वर. खळ्यातून रस्त्यावर यायला जांभ्याच्या दोन गडग्यांमधून एक अरुंद चढ असतो, आणि खळ्यात गाडी फिरवायला जागा नसली की तो चढ रिव्हर्सने चढायला लागतो. आमच्याकडे तसंच आहे, दोन्ही बाजूला वीतभर जागा, मध्ये एक वाकडं वळण, आणि पावसात शेवाळ. गाडी रोज इथूनच बाहेर काढायची आहे, हायवेवर तुम्ही महिन्यातून दोनदा जाणार.

मग कागदावर लिहा. रोज कुठे जाणार, कणकवली बाजार आणि परत, की मुंबई-गोवा हायवेवरून लांब नोकरीला, की चाकरमानी आहात आणि वर्षाचे अकरा महिने ठाणे-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आणि एक महिना गावात. घरात अजून कोण चालवणार. आईवडिलांपैकी कोणी पन्नाशीनंतर शिकणार असेल, गुडघा दुखत असेल, तर ऑटोमॅटिक घ्या आणि त्यावर कोणाचं ऐकू नका. माझी आई ऑटोमॅटिक आल्यावरच शिकली आणि आता एकटी मालवणला जाऊन येते, गिअर असते तर ती शिकलीच नसती हे मला नक्की माहीत आहे.

तिसरं : ऑटोमॅटिक म्हणजे एकच गोष्ट नाही हे समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण विकणारा सगळ्याला ऑटोमॅटिकच म्हणतो.

एएमटी म्हणजे आतून गिअरवालीच गाडी, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी मशीन करतं. आपल्याकडे छोट्या गाड्यांमध्ये ही २०१४ला मारुतीच्या सेलेरिओपासून आली आणि ऑटोमॅटिक सामान्य माणसाच्या बजेटमध्ये आली ती हिच्यामुळेच. स्वस्त, ॲव्हरेज गिअरवालीसारखंच, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे जाते. त्यावर उपाय आहे, गिअर बदलणार असं वाटलं की ॲक्सिलरेटर जरासा उचलायचा, झटका जवळजवळ जातो. आत क्लचप्लेटच आहे हे मात्र विसरू नका, चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवलीत तर ती पण जळते.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना खानदानी प्रकार, १९४०च्या ओल्डस्मोबाईलला पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली ऑटोमॅटिक आली ती पण तेलावरच शक्ती पोचवणारी होती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, एक पंखा तेल फिरवतो, तेल दुसरा पंखा फिरवतं, त्यामुळे घासून जळायला तिथे काही नाही. ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून हळू सरकते, आणि अगदी कमी स्पीडला हा प्रकार ओढ वाढवूनही देतो. आमच्या गडग्यामधल्या चढावर रिव्हर्सला मला सगळ्यात निर्धास्त हाच वाटला.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात, दोन पुल्या आणि मध्ये स्टीलचा पट्टा, पुल्या लहानमोठ्या होत राहतात. शहरात लोण्यासारखी चालते. घाटात जोरात दाबली की आधी आवाज वाढतो आणि स्पीड मागून येतो, ज्याला इंजिनाशी बोलत चालवायची सवय आहे त्याला हे खटकतं, मला खटकलं.

डीसीटीला दोन क्लच, एकावर १-३-५, दुसऱ्यावर २-४-६, पुढचा गिअर आधीच तयार असतो म्हणून बदलताना कळत पण नाही. चालवायला भन्नाट. पण ज्यात क्लच कोरडे असतात ती चढावर इंच इंच ट्रॅफिकमध्ये तापते, तेलातले क्लच असलेली बरी टिकते. घेताना कोरडा का तेलातला हे विचाराच.

अजून एक मधला प्रकार आहे आयएमटी, २०२०ला ह्युंदाईच्या व्हेन्यूमध्ये आला, गिअर हाताने टाकायचा पण क्लचचं पेडल नाही. ज्याला गिअरची मजा हवी आणि गुडघा साथ देत नाही त्याने एकदा चालवून बघावी. इलेक्ट्रिक गाडीला गिअरच नसतात, उतारावर मोटारच गाडीला धरते आणि बॅटरी पण भरते, फक्त बॅटरी फुल असली की ही धरण्याची ताकद कमी होते, म्हणून घाटाच्या वर राहत असाल तर फुल चार्ज करून उतरू नका.

चौथं : टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर घेऊ नका

शोरूमवाले हायवेवर दोन किलोमीटर नेतात आणि आणतात. त्यात काही कळत नाही. आधीच फोन करून सांगा की मला चढ पाहिजे, आणि घरातली चार माणसं घेऊन जा, एकट्याने चालवलेली छोटी गाडी आणि चार माणसं, एसी चालू असलेली तीच गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चढावर पूर्ण थांबा, ब्रेक सोडा, आणि गाडी किती मागे जाते बघा. ज्यात हिल होल्ड आहे ती दोन-तीन सेकंद धरते, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर गेला पाहिजे. काही एएमटी गाड्यांत हिल होल्ड नसतो, तिथे हॅण्डब्रेक वापरायचा, गिअरवालीसारखाच. मग तोच चढ रिव्हर्सने, हळू, पायी चालायच्या स्पीडने. जळका वास आला, गाडी धक्के देत चढली, तर ती तुमच्या घाटीला बरी नाही. गिअरवाली बघत असाल तर क्लच किती जड आहे ते बघा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढताना गाडी गुदमरते का ते बघा, कारण आपल्याकडे घाटात निम्मा वेळ दुसऱ्याच गिअरमध्ये जातो.

ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड (गिअर आपण स्वतः वरखाली करायची सोय) आहे का, निदान एल (गाडीला खालच्या गिअरमध्येच ठेवणारा) तरी आहे का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एवढा एक मुद्दा माझ्यासाठी सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनच्या कितीतरी वर आहे.

पाचवं : पहिला घाट, चढताना

फोंडाघाट, करूळ, आंबोली, जो जवळ असेल तो, पहिल्या वेळेला सकाळी लवकर आणि पाऊस नसताना. ब्रेक वळणाच्या आधी, गिअर वळणाच्या आधी, वळणात फक्त स्टेअरिंग, आणि बाहेर पडताना हळूहळू ॲक्सिलरेटर. हेअरपिनला (एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला) बहुतेक गाड्यांना दुसरा लागतो, फार खडा असला आणि गाडी भरलेली असली तर पहिला. छोट्या पेट्रोल इंजिनाला चढावर आरपीएम २०००च्या खाली गेला की दम राहत नाही, तर त्याच्या वर ठेवा, इंजिन थोडं ओरडलं तरी चालेल, त्यासाठीच बनलंय ते. ऑटोमॅटिकमध्ये डी (पुढे जायचा नेहमीचा मोड) ठेवून चढलात तर वळणात पाय उचलला की गाडी वरचा गिअर टाकते आणि बाहेर पडताना पुन्हा खालचा शोधत बसते, ती शोधाशोध म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये मजा नाही म्हणणाऱ्यांची अर्धी तक्रार. मॅन्युअल मोडला घ्या, दोनवर ठेवा, सगळं चित्र बदलतं.

ट्रॅफिकमध्ये अडकलात तर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका. कशेडीचा बोगदा व्हायच्या आधी गणपतीच्या गर्दीत मी तिथे दोन तास तेच करत बसलो होतो, पुढचा दोन फूट सरकला की मी दोन फूट सरकायचो, आणि मध्ये ब्रेक लावायचा कंटाळा. आधी जळक्या रबरासारखा वास आला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. मग ॲक्सिलरेटर दाबला की नुसता आवाज वाढायचा आणि गाडी जागची हलेना. क्लचप्लेट गेली होती, घरची सगळी मंडळी नैवेद्याच्या सामानासकट रस्त्याच्या कडेला उभी, आणि चूक शंभर टक्के माझी. पुढे दोन गाड्यांची जागा होईपर्यंत हॅण्डब्रेक लावून न्यूट्रलला थांबा, मागचा हॉर्न मारेल, मारू दे.

सहावं : उतरताना

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी शिकवत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनच गाडीला मागे धरतं, ब्रेक थंड राहतात. सतत ब्रेक दाबून उतरलात की ब्रेक तापतात, आधी वास येतो, मग पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. कोणी म्हणेल न्यूट्रलला उतर, पेट्रोल वाचतं. वाचत नाही. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आरपीएम आयडलच्या बराच वर असेपर्यंत पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला थोडं जातच राहतं. आणि इंजिन बंद करून उतरायचं तर मनातही आणू नका, ब्रेक दगडासारखा होतो आणि चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, घाट सुरू व्हायच्या आधी एल किंवा मॅन्युअलमध्ये दोन किंवा तीन. डीवर सोडून दिलीत तर बऱ्याच गाड्या उतारावर वरचा गिअर टाकतात आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं. डावा पाय बाजूच्या पट्टीवर ठेवा, त्याला ब्रेक शिकवू नका.

अरुंद रस्त्यावर समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियमच आहे. चढणारी भरलेली एसटी थांबली तर तिला पुन्हा उचलायला किती कष्ट पडतात हे क्लच शिकलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात गिअर खाली घेताना क्लच झटक्यात सोडू नका, ओल्या लाल चिखलावर पुढची चाकं क्षणभर घसरतात. आंबोलीत धुकं पडलं की लो बीम, स्पीड अर्धा. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, पूल छोटा असला तरी.

पार्किंग आणि फेरीबोट

ऑटोमॅटिक उतारावर लावताना ब्रेक दाबलेलाच, न्यूट्रल, हॅण्डब्रेक, मग ब्रेक हळू सोडून गाडी हॅण्डब्रेकवर बसू द्या, आणि मग पी (पार्किंग). उलटं केलंत तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दात्यावर येतं आणि काढताना खाडकन आवाज होतो. बऱ्याच एएमटींना पी नसतोच, त्या गिअरमध्ये ठेवून बंद करायच्या. गिअरवालीला तोंड वर असेल तर पहिला, खाली असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला उताराच्या बाजूने जांभ्याचा चिरा. चिरा उचलायला विसरू नका.

गुहागरकडून दापोलीला जाताना धोपावे-दाभोळ फेरीबोट लागते. ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त उघडा पडतो आणि तो ओला, बुळबुळीत असतो. पुढची गाडी पूर्ण चढेपर्यंत सपाटीवर थांबा, उतारावर रांगेत उभं राहायची हौस नको, मग एका दमात, हळू, बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे बघत. गिअरवालीला पहिला, ऑटोमॅटिकला एल.

हे सगळं महिनाभर केलंत की एक गोष्ट करा. एखाद्या रविवारी कोणालातरी बाजूला बसवा, दाजीपूरला गाडी थांबवा, आणि तिथून खाली फोंड्याच्या बाजारपेठेपर्यंत उतरताना तुम्ही किती वेळा ब्रेक दाबता ते त्याला मोजायला सांगा. मुद्दाम कमी दाबायचे नाहीत, लागेल तिथे दाबायचेच, फक्त आकडा लिहून ठेवायचा. पंधरा दिवसांनी तोच घाट, तीच माणसं, तोच स्पीड, आणि पुन्हा मोजा. गिअरवाली आणि ऑटोमॅटिक दोन्ही चालवायला मिळत असतील तर दोन्हींवर मोजा, आणि मग ओटीवरच्या चर्चेत तो आकडा घेऊन बसा.